मदत हवी आहे: शेव्हरॉन गेलं, जुन्या नियमांचं काय?

मंडळी, अमेरिकेत एलएलएम (कायद्यातली मास्टर्स) करतेय, शुक्रवारी वर्गात बोलायचंय आणि एका गाठीशी अडकलेय. कायदा संदिग्ध असेल तर कोर्टाने सरकारी एजन्सीने लावलेला वाजवी अर्थ मानायचा, हा अमेरिकी सुप्रीम कोर्टाचा १९८४ चा शेव्हरॉन निकाल त्याच कोर्टाने २८ जून २०२४ ला लोपर ब्राइट खटल्यात मोडीत काढला. (वाद कशावरून, तर हेरिंगच्या बोटीवरच्या निरीक्षकाचा दिवसाला ७१० डॉलरपर्यंतचा खर्च कोळ्यांनी का सोसायचा!) पण सरन्यायाधीश रॉबर्ट्स त्याच निकालात म्हणतात, शेव्हरॉनवर बेतलेले जुने निकाल कायम. तीनच दिवसांनी त्याच कोर्टाचा कॉर्नर पोस्ट निकाल: एजन्सीच्या नियमाला आव्हान द्यायची सहा वर्षांची मुदत वादीला झळ बसल्यापासून मोजा. मग काल उघडलेल्या कंपनीने तीस वर्षांपूर्वी कोर्टाने उचलून धरलेल्या नियमाला आव्हान दिलं, तर जुना निकाल आडवा येतो का? की फक्त त्या सर्किटपुरता, म्हणजे त्या अपील कोर्टाच्या विभागापुरता? प्रॅक्टिस करणारं कुणी सांगाल का?