सहीची जर्सी खरोखर सामन्यात घातलेली आहे का, हे कसे ओळखावे?

रंकाळाकाठचा:
नमस्कार. मी कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉलचे वेड घरातूनच आलेले. मागील महिन्यात एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी प्रीमियर लीगमधील एका खेळाडूची जर्सी घेतली. ती त्याने सामन्यात प्रत्यक्ष घातली आणि नंतर तिच्यावर सही केली, असे सोबतच्या प्रमाणपत्रात सामन्याच्या तारखेसह लिहिले आहे. मात्र त्यावरचा शिक्का विक्रेत्याचाच आहे. पाठीवरील क्रमांकावर काळ्या मार्करची सही आहे आणि खालच्या काठाशी हिरवट डाग आहे, पण क्रमांकाच्या छपाईला कुठेही तडा नाही, हे मला खटकते. घरबसल्या काही तपासता येईल का? डाग दिसल्यापासून आई ती रोज धुवायला मागते आहे, म्हणून जरा घाई आहे.

जुना संग्राहक:
सर्वप्रथम, धुवू देऊ नका. दुसरे असे की, सही खरी असणे आणि जर्सी सामन्यात घातलेली असणे हे दोन वेगळे दावे आहेत, आणि विक्रेते एकाच्या आधारावर दुसरा खपवतात. दुकानातून आणलेल्या कोऱ्या जर्सीवरही खेळाडू आनंदाने सही करतो. कापड घट्ट बेताचे आहे आणि बोधचिन्ह भरतकामाऐवजी उष्णतेने चिकटवलेले आहे, एवढ्यावरही जाऊ नये, कारण खेळाडूंच्या धर्तीची तशी जर्सी दुकानात कोणालाही मिळते. गवताचा डाग तर अंगणातही पाडता येतो. खरा पुरावा एकच: त्याच सामन्याची स्पष्ट छायाचित्रे मिळवून क्रमांकाची कड, बाहीवरील बिल्ल्याचा तिरकेपणा आणि ओढले गेलेले धागे आपल्या जर्सीशी ताडून पाहणे.

मडगावकर:
याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे मॅराडोनाची 22 जून 1986 ची निळी जर्सी. मेक्सिकोतील विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध झालेल्या त्या सामन्यानंतर ती इंग्लंडचे खेळाडू स्टीव्ह हॉज यांना अदलाबदलीत मिळाली आणि 2022 मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात सुमारे 71 लाख पौंडांना विकली गेली. लिलावाआधी मॅराडोनाच्या कुटुंबीयांनी आक्षेप घेतला होता की ही जर्सी पूर्वार्धातली आहे. आक्षेप मोठाच होता, कारण हाताने केलेला आणि शतकातला सर्वोत्तम म्हणून गाजलेला, असे त्याचे दोन्ही गोल उत्तरार्धात, 51 व्या आणि 55 व्या मिनिटाला झाले होते. तेव्हा छायाचित्रे ताडून जर्सी उत्तरार्धातलीच असल्याचे लिलावगृहाने सांगितले. गंमत अशी की, मेक्सिकोच्या उन्हात जाड जर्सी नको म्हणून अर्जेंटिनाच्या चमूने त्या हलक्या जर्सी तिथल्याच दुकानातून आणल्या होत्या, आणि बोधचिन्हे व चंदेरी क्रमांक घाईघाईने लावून घेतले होते. ती घाईच पुढे ओळख पटवायला उपयोगी पडली. आजच्या जर्सी एकसारख्या निघतात, त्यामुळे बारकाईने पाहावे लागते. अनेक खेळाडू मध्यंतरात जर्सी बदलतात, म्हणून दोन्ही सत्रांची छायाचित्रे पाहा.

जाता जाता: आमच्याकडील पावसाळ्यात माझ्या एका जर्सीला बुरशी लागली, कारण मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती. सुती कापडात गुंडाळून अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवावी. उन्हात सही फिकी पडते.

रंकाळाकाठचा:
दोघांचेही आभार. काल रात्री त्या सामन्याची दोन्ही सत्रांतील छायाचित्रे शोधून पाहिली. धागे ताडण्याची वेळच आली नाही, कारण त्या दिवशी गृहस्थाने सामना संपेपर्यंत पूर्ण बाह्यांची जर्सी घातली होती आणि माझी अर्ध्या बाह्यांची आहे. विक्रेत्याकडे पैसे परत मागितले आहेत. आईला मात्र आता धुण्याची परवानगी देऊन टाकतो.

जुना संग्राहक:
थांबा, सहीचा निकाल अजून लागलेला नाही. शिवाय पैसे परत हवे असतील तर जर्सी आली तशीच पाठवावी लागेल, डागासकट.