उसात पांढरा थर आलाय, गांडुळंही गेली, असं का?

निपाणीकर: आमच्या काळ्या रानात खालच्या अंगाला मिठासारखा थर धरलाय, तिथं ऊस पिवळा पडून पानांच्या कडा करपल्यात. जिप्सम (जमीन सुधारायची कॅल्शियमची भुकटी) टाकू काय?

चिकोडीवाला: थांबा की दादा, आधी माती तपासून घ्या. पाणी जास्त झालं की जमिनीतलं पाणी वर येतंय, बारीक छिद्रातनं चढतंय, उन्हानं पाणी उडून जातंय नि क्षार तिथंच राहतोय, मग रान ओलं असूनबी मुळाला पाणी ओढता येत नाही. शिवाय साचलेल्या पाण्यानं मातीतली हवा जाते, गांडूळ जगणार कसं? जिप्सम सोडियम जास्त असलं तरच, सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल की खारट-अल्क ते मोजायचा आकडा) साडेआठच्या वर गेला की बहुतेक सोडियमच जास्त असतंय.

अथणी_शेती: बरोबर. पण पहिलं चर काढा, निचरा नसेल तर सगळं फुकट. मग धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा, फुलायच्या आत गाडा. त्याच्या मुळांतनं नि कुजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यानं मातीतला चुना विरघळतो, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं नि चांगलं पाणी दिलं की तो सोडियम चरातनं निघून जातो. धैंच्याच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू नत्र देतात ते वेगळंच!

निपाणीकर: चराचं उद्याच बघतो, माती पण तपासायला देतो.