इंटर्नशिप: अंबडचं वर्कशॉप की ऑनलाईन सर्टिफिकेट? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या टीईला (तिसऱ्या वर्षाला) आहे, नाशिकमध्येच. या सेमला इंटर्नशिप कंपल्सरी आहे आणि कॉलेजला काय, लेटरहेडवर सही-शिक्का दिसला की झालं. सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांना मेल टाकले, कोणाचाच रिप्लाय नाही, गेटवर गेलो तर सिक्युरिटीवाले काका म्हणे कॉलेजकडून लिस्ट येते त्यांनाच घेतात. केंद्र सरकारच्या पीएम इंटर्नशिप योजनेचं पण बघितलं, महिन्याला पैसे मिळतात पण माझ्यासारख्या टीईच्या फुल टाइम विद्यार्थ्याला चालत नाही.

आता उरलं काय तर एक ऑनलाईनवाली, पैसे आपणच भरायचे (हो, आपणच!), व्हिडिओ बघायचे आणि सर्टिफिकेट घ्यायचं, वर्गातली बरीच पोरं तेच करतायत. नाहीतर पप्पांच्या ओळखीतल्या एका काकांचं अंबडला वर्कशॉप आहे, सीएनसी-व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) गाड्यांचे पार्ट बनवतात, ते म्हणतात ये पण स्टायपेंड नाही, सकाळी सातच्या शिफ्टला हजर पाहिजे आणि सुरुवातीला नुसतं क्वालिटीवाल्यासोबत पार्ट मोजत बसायचं. मी पंचवटीत राहतो, गाडी नाही, म्हणजे निमाणीवरून पहाटेच सिटीलिंकची बस पकडा. एवढं करून प्लेसमेंटला कोणी न ऐकलेल्या वर्कशॉपला काही किंमत देतं का? प्लीज खरं सांगा.

प्रतिसाद १:
वर्कशॉपला जा, विचार पण करू नको. मी क्वालिटीत आहे, फ्रेशर्सच्या इंटरव्ह्यूला बसतो. कंपनीचं नाव नंतर, आधी मी विचारतो की ड्रॉइंगवर २५ एच७ बोअर आहे (२५ मिमीचं भोक, एच७ म्हणजे मापात किती फरक चालेल ते), पार्ट २५.०३ आला, पास की रिजेक्ट? लिमिट वरच्या बाजूला २१ मायक्रॉन, म्हणजे २५.०२१ पर्यंतच चालतं, म्हणून सरळ रिजेक्ट. मग विचारतो कशाने मोजलं, तर निम्मे जण व्हर्निअर म्हणतात. अरे बाबा, व्हर्निअरचा लीस्ट काउंटच (सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, त्याच्यावर एच७ कसं चेक करणार, भोक मोजायचं बोअर गेज घे नाहीतर प्लग गेज. हे व्हिडिओ बघून डोक्यात बसत नाही, "नुसतं मोजत बसून"च बसतं.

फक्त मोजण्यावर थांबू नको. एकच पार्ट पकड, त्याचं रिजेक्शन रोज वहीत लिही, कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला, टूल कधी बदललं, आणि शेवटी पॅरेटो (कुठल्या कारणाने जास्त रिजेक्ट होतं त्याचा उतरत्या क्रमाचा चार्ट) काढून काकांना दाखव. रिपोर्ट तिथेच तयार होतो. ड्रॉइंगचे फोटो मात्र काढू नको, ती कस्टमरची असतात, काकांची पार्टी तुटेल.

प्रतिसाद २:
+१. सातच्या शिफ्टचं टेन्शन घेऊ नको, पंचवटीतून अंबडला जाणारे ढिगाने आहेत, काकांनाच विचार, त्यांचा एखादा ऑपरेटर तिकडचा निघेल, पेट्रोल शेअर कर.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा! एकच अडचण, तिथे एचआर वगैरे कोणी नाही, काकाच मालक. सही चालेल का?

प्रतिसाद १:
आमच्याकडे मालकाच्या सहीची लेटर्स येतात, चालतात. जीएसटी नंबर असलेलं लेटरहेड घे, जॉइन व्हायच्या आधीच तारखा टाकून लेटर कर आणि टीपीओला (कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरला) दाखवून ठेव. शेवटच्या दिवशी धावपळ नको.