पायाला भिंगरी सिनेमानं लावली, की मोबाईलनं?

अनगोळकर
रविवारी जेवताना भाच्याशी वाजलं. तो म्हणाला, "मामा, तुमच्या वेळी रील नव्हती म्हणून तुम्ही घरात बसून राहिलात." म्हटलं, बाळा, आम्हाला घराबाहेर ओढलं ते सिनेमानं!

2001 साली 'दिल चाहता है' बघून आम्ही दोघं मित्र दुसऱ्याच दिवशी चेतक घेऊन गोव्याला सुटलो. सिनेमातल्या पोरांकडं उघड्या टपाची गाडी, आमच्याकडं थोरल्या भावाची स्कूटर, तीही न विचारता नेलेली. रामनगर सोडलं, अनमोड घाटात शिरलो आणि क्लचची वायर तुटली. वरून पाऊस. शेवटी एका ट्रकवाल्यानं चेतक मागं चढवून मोलेपर्यंत नेली आणि वाटेत आम्हाला त्याच्या डब्यातली भाकरी खायला घातली. शापोऱ्याच्या किल्ल्यावर पोचलो दुसऱ्या दिवशी. तिथं काय बघितलं ते आता फारसं आठवत नाही, पण त्या भाकरीबरोबरची चटणी अजून जिभेवर आहे.

पुढं 'द मोटरसायकल डायरीज' बघितला. 2004 चा. दोन अर्जेंटिनी मित्र 1952 साली जुनाट नॉर्टनवर दक्षिण अमेरिका पालथी घालायला निघतात. गाडीचं नाव 'ला पोदेरोसा', म्हणजे शक्तिशाली, आणि ती चिलीमध्येच राम म्हणते. तिथून पुढं पायी, ट्रकनं, बोटीनं. मला तर वाटलं, अरे, हा आपलाच अनमोड घाट!

माझं मत असं की प्रवासाचा चांगला सिनेमा ठिकाण विकत नाही, खाज लावतो. तुमचा असा सिनेमा कुठला? आणि भाच्याचं बरोबर वाटत असेल तर तेही बिनधास्त सांगा.

लोंढा जंक्शन
भाच्याचंही चूक आणि तुमचंही चूक गा. सिनेमा आणि रील एकाच माळेचे मणी.

आमचे वडील रेल्वेत होते, त्यामुळं कॅसलरॉक ते कुळे हा घाट मी लहानपणापासून बघतोय. चढण 1:37 ची, म्हणजे 37 फूट पुढं गेलं की एक फूट वर. गाडी वर यायची तर मागून ढकलायला इंजिनं जोडावी लागतात. वाटेतला दूधसागर धबधबा म्हणजे आमच्या लेखी खिडकीतून तोंडावर येणारे तुषार आणि आईची "हात आत घे" अशी हाक. 2013 ला 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये गाडी दूधसागरसमोरच्या पुलावर उभी केली आणि नंतर ज्याला त्याला तिथंच उतरायचं होतं. रुळावरून चालत जाणं गुन्हा आहे हे सांगून सांगून रेल्वे थकली. जुलै 2023 मध्ये रेल्वे पोलिसांनी पोरांना तिथंच उठाबशा काढायला लावल्या, त्याचाही व्हिडिओ झाला!

थायलंडचा 'माया बे' बघा. 2000 सालच्या 'द बीच'नं तो किनारा एवढा गाजवला की प्रवाळ मेलं. 2018 मध्ये बंद करावा लागला, उघडला तो 2022 च्या जानेवारीत, आणि आता बोटींना खाडीत शिरायला बंदी. खाज लावणारा सिनेमा चांगला म्हणता, मग त्या खाजेवर मलम कुणी लावायचं?

आणि किटवाडचा धबधबा विसरू नका. नोव्हेंबर 2022. आपल्या बेळगावच्या चार मुली, एका सेल्फीपायी. त्यावर जास्त लिहवत नाही.

कुंदा पावशेर
लोंढाराव, किटवाडचं खापर सिनेमावर कसं फोडता? तिथं कुठल्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं?

माझा सिनेमा 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'. हसा खुशाल. श्रीमंतांची सहल आहे, मान्य. टोमॅटोची होळी बघून आमच्या आजीनं टीव्हीसमोर "अन्नाची नासाडी" म्हणून पदर डोळ्याला लावला होता. पण पाण्याला घाबरणारा तो माणूस समुद्राच्या तळाशी जाऊन वर येतो ना, तो प्रसंग बघून मी चौतिसाव्या वर्षी पोहायला शिकलो. लहानपणी विहिरीत पडलो होतो, तेव्हापासून नळाखालीसुद्धा डोळे मिटून उभा राहायचो. स्पेनला गेलो नाही, जाणारही नाही. गेलो ते क्लोरीन मारलेल्या तलावात. ह्याला साहस म्हणायचं की नाही?

मलप्रभेकाठची
सगळे बाप्येच बोलताय म्हणून लिहिते.

चेतक न विचारता नेली, दुसऱ्याच दिवशी सुटलो, रात्र कुठं काढली ते सांगायचीसुद्धा गरज नाही. अनगोळकर, तुमची बहीण अशी सुटली असती तर? मीसुद्धा तो सिनेमा बघितला होता, खानापुरात, केबलवर. खाज मलाही लागली होती की. मग भांडी घासली.

मला घराबाहेर काढलं ते 11 जून 2023 ला. कर्नाटकात 'शक्ती' योजना सुरू झाली आणि बायकांना लाल बस फुकट. पहिल्यांदा मी आणि जाऊ सौंदत्तीला गेलो, यल्लम्माला. देवाचं नाव काढलं की घरात कुणी अडवत नाही, हे गुपित तुम्हाला सांगून ठेवते. मग गोकर्ण. मग शिरसी, तिथं देवही आहे आणि पाऊसही. पन्नाशीत पहिल्यांदा खिडकीची जागा मिळाली. तुमच्या त्या मोटरसायकलचं नाव शक्तिशाली, आमच्या बसचं शक्ती. आमची अजून बंद पडलेली नाही.

गंमत म्हणजे नणंद चंदगडला दिलेली. तिचं आधार कार्ड महाराष्ट्राचं, म्हणून तिला आमच्या बसमध्ये पूर्ण तिकीट. आणि तिकडच्या लालपरीत तिला अर्धं. आम्ही दोघी एकत्र निघालो की हिशेब करण्यातच निम्मा प्रवास संपतो.

निपाणीवाला
ताई, दंडवत.

मला आपल्या भाषेतलाच सिनेमा सुचतो, 'किल्ला'. तो प्रवासाचा आहे असं कुणी म्हणणार नाही. आईची बदली म्हणून मुलगा कोकणात येतो, एवढंच. पण सायकलची शर्यत लावून पोरं किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो आणि बाकीचे ह्याला एकट्याला सोडून निघून जातात. साहस म्हणजे ते. फोटोत न येणारी भीती. ते बघून मी काही कुठं गेलो नाही, उलट चार दिवस गप्प होतो.

'नवरा माझा नवसाचा'चं नाव कुणीच काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. अख्खा सिनेमा एसटीत, मुंबई ते गणपतीपुळे. आपल्या माणसाचा प्रवास असाच असतो, नवस, डबा आणि कंडक्टर.

अनगोळकर
मलप्रभाताई, उत्तर नाही माझ्याकडं. बहीण तेव्हा दहावीला होती. गोव्याहून परत आल्यावर तिनं एकच विचारलं होतं, "समुद्र दिसला?" मी हो म्हणून अंघोळीला गेलो. पुढं काही सांगितल्याचं आठवत नाही.

लोंढाराव, तुमचं निम्मं मान्य. 'इन्टू द वाइल्ड' माझा आवडता, पण त्यातला पोरगा अलास्कात ज्या मोडक्या बसमध्ये राहतो तिथपर्यंत पोचण्याच्या नादात माणसं नदीत वाहून गेली आणि 2020 मध्ये ती बस हेलिकॉप्टरनं उचलून न्यावी लागली. तरीही सिनेमा वाईट म्हणवत नाही. त्यात पोरगा उपासमारीनं मरतो हे दाखवलंय, लपवलेलं नाही. बघणारे शेवट विसरतात आणि बसच लक्षात ठेवतात.

लोंढा जंक्शन
बसच लक्षात राहणार की! दोन तास तीच सुंदर करून दाखवलीय. मी माझ्या मतावर ठाम. पावसाळ्यात या, घरी चहा घेऊ, गाडीत बसून दूधसागर बघू. उतरायचं मात्र नाही.

कुंदा पावशेर
ते सगळं राहू दे. अनगोळकर, चेतकचं पुढं काय झालं?

अनगोळकर
भावानं महिनाभर अबोला धरला. गाडी अजून परड्यात उभी आहे. गेल्या महिन्यात भाच्यानं ती पुसून तिच्यावर रील केली. मागं गाणं त्याच सिनेमातलं.