संकटातली श्रद्धा आणि सस्पेन्स

ख्रिस्ती रोमँटिक सस्पेन्समध्ये, म्हणजे श्रद्धा, प्रेमकथा आणि थरार एकत्र असलेल्या कादंबऱ्यांमध्ये, नायिकेने डोळे मिटून प्रार्थना केली की पुढच्याच पानावर पोलीस हजर, त्यामुळे ताणच उरत नाही, अशी एक तक्रार असते. खरंय, पण तो दोष लेखकाच्या आळसाचा, श्रद्धेचा नव्हे. बायबलमध्येच बघा ना. 88वं स्तोत्र रात्रंदिवस धावा करतं आणि शेवटी अंधारातच थांबतं, दिलासा नाहीच. येशूला अटक झाल्यावर त्याचा शिष्य पेत्र तर अंगणातल्या शेकोटीपाशी एका दासीने नुसतं हटकल्यावर त्याला ओळखतच नाही म्हणतो. जिवाची भीती, रोखलेल्या नजरा, तोंडातून निसटलेलं खोटं... सस्पेन्सला आणखी काय हवं?

नायिका जिवंत राहते का, यापेक्षा ती काय पणाला लावते ते मी बघतो. साक्षीदाराला वाचवायला शपथेवर खोटं बोलायचं का? भावाच्या खुन्याला क्षमा करायची आणि तरी कोर्टात त्याच्याविरुद्ध उभं राहायचं? असे प्रश्न प्रार्थनेने सुटत नाहीत, उलट जास्त टोचतात. या प्रकारात शारीरिक जवळीक सहसा पडद्याआड असते, त्यामुळे एकमेकांवर विश्वास टाकणं हाच प्रेमकथेचा कस. नायकाला शेवटच्या प्रकरणात अचानक देव सापडतो (श्रद्धाळू नायिकेशी लग्नाची सोय!), तिथे मात्र मी पुस्तक मिटतो.