मदत हवी आहे: दमट हवेत कोळशाच्या चित्रांवर फिक्सेटिव्ह दुधाळ होतोय

नमस्कार मंडळी. बीएफएसाठी (ललित कला पदवी) ए-२ आकाराच्या १२ चित्रांचा पोर्टफोलिओ करतेय, विषय गोव्यातल्या मालीम जेटीवरच्या ट्रॉलरची (मासेमारी बोटींची) यंत्रं: विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र), कप्प्या, प्रोपेलर. रेखाटनाची चिंता नाही. तिरक्या दिसणाऱ्या चाकाच्या लंबवर्तुळाचा लघुअक्ष (आखूड अक्ष) आसाच्या रेषेत ठेवला की चाक कलंडत नाही, तेवढं सांभाळलंय.

खरी अडचण फिक्सेटिव्हची, म्हणजे कोळसा पुसू नये म्हणून मारायच्या फवाऱ्याची. ३० सेंमीवरून तीन पातळ हात मारले तरी पावसाळी हवेत दुधाळ थर धरतो आणि विंचच्या ड्रमखालचा सगळ्यात गडद काळोख राखाडी पडतो. तो काळोखच गेला तर ड्रमचं वजन जातं. एसीच्या बंद खोलीत मारावा तर वाफा कोंडतात. गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही फवारणी कुठे, कधी करता? की फिक्सेटिव्ह टाळून मध्ये ग्लासिन (गुळगुळीत, पातळ) कागद घालूनच चित्रं ठेवावीत?

दुसरं, जलरंगातला गंज. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) ३०० जीएसएमच्या ओल्या कागदावर सोडलं की कागद लवकर वाळत नाही, रंग सरकून बोल्टच्या षटकोनी कडा विरघळतात. मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून कागदावर लावायचा, नंतर सोलून काढायचा द्रव) जास्त दिवस राहिलं तर काढताना कागद सोलतं. कडा राखायला कोरड्या ब्रशशिवाय काही उपाय?

जलरंग आणि कोळसा एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत का, तेही सांगा.