लोकेशन न मागणारा मराठी-हिंदी कीबोर्ड सुचवावा

सुदामानगर, इंदूर:
वडिलांच्या अँड्रॉइड फोनवरील कीबोर्डने नुकतीच लोकेशनची परवानगी मागितली. ते नातेवाइकांना मराठीत आणि कॉलनीतल्या लोकांना हिंदीत लिहितात, तेही रोमन अक्षरांत टाइप करून. परवानगी नाकारल्यास कीबोर्ड बंद पडेल का? तसे असल्यास दुसरा कोणता घ्यावा?

रामबागकर:
निःशंकपणे नाकारावी, अक्षरे उमटवण्यासाठी आपण कुठे आहोत हे कीबोर्डला कळण्याची गरज नसते. मात्र माझ्या मते लोकेशनपेक्षा इंटरनेटचा प्रश्न मोठा आहे, कारण परवानगी नाकारली तरी आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर फोनला मिळणाऱ्या क्रमांकावरून) शहराचा अंदाज येतो, आणि "राजवाड्यापाशी सहाला भेटू" असे आपण टाइप केले की ठिकाण कीबोर्डला आपणच सांगितलेले असते. ही भीती कल्पनेतली नाही. २०१७ मध्ये एआय.टाइप या कीबोर्डच्या ३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांची माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी पडली होती आणि तीत लोकेशनही होते. म्हणून मी हेलीबोर्ड सुचवीन. तो मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही तपासता येतो, एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲप्सच्या भांडारावर विनामूल्य मिळतो आणि इंटरनेटची परवानगीच घेत नाही, त्यामुळे टाइप केलेले परस्पर कुठे पाठवू शकत नाही.

छावणीकर:
आयफोनवाल्यांसाठी थोडी भर: तिथे सेटिंगमधून 'फुल ॲक्सेस' ही परवानगी दिली नाही, तर ॲपलखेरीज इतरांच्या कीबोर्डला इंटरनेटही मिळत नाही आणि लोकेशनही.

सुदामानगर, इंदूर:
आभारी आहे. हेलीबोर्डमध्ये रोमन टाइप करून देवनागरी उमटते का?

रामबागकर:
नाही, त्यात देवनागरी कळफलकच वापरावा लागतो, आणि ज्येष्ठांना या वयात तो शिकायला लावणे मला तरी जुलमाचे वाटते. रोमनची सवय मोडायची नसेल तर गूगलचा जीबोर्ड ठेवावा, त्याची लोकेशनची परवानगी बंद करावी आणि त्याच्या सेटिंगमधील प्रायव्हसी विभागात जाऊन वापराची आकडेवारी पाठवण्याचा पर्यायही बंद करावा. सध्याचा कीबोर्ड वेगळाच असेल, तर ॲपच्या माहितीत 'सर्व परवानग्या' उघडून तो नेटवर्क वापरतो का ते पाहावे. ही परवानगी अँड्रॉइड सहसा न विचारताच देऊन टाकते. एका फोनवर दोन कीबोर्ड ठेवता येतात, तेव्हा घरचा पत्ता किंवा बँकेचा तपशील लिहिताना हेलीबोर्डवर इंग्रजीत टाइप करणे वडिलांना जड जाऊ नये.